सात जुने एसएमपीएस आणि बोर्ड टेस्टिंगची पेटी : कामाच्या नोंदी

९ जून २०२४, रविवार

काल माझ्या टेबलावर गिऱ्हाईकाचा बोर्ड (मदरबोर्ड) जळाला. कराडजवळच्या एका वजनकाट्यावरच्या संगणकाचा, जी३१ या जुन्या चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य चिपांचा संच). काट्याचं सॉफ्टवेअर जुनं आहे, त्याला विंडोज एक्सपी आणि मागचा सिरियल पोर्ट लागतो. म्हणून ही मंडळी नवीन संगणक घेत नाहीत, आहे तोच दुरुस्त करून नेतात. तक्रार साधी होती : कधी चालू होतो, कधी होत नाही. प्रोसेसरशेजारचे तीन कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) फुगलेले दिसत होते. तासाभराचं काम.

नेहमीप्रमाणे टेबलावरचा टेस्टिंगचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा पत्र्याचा डबा) लावला. बोर्ड अजून चालूही केला नव्हता, नुसती मेनची कळ दाबली होती. पंधरा-वीस सेकंदांत वास आला. साउथब्रिजला (बोर्डावरची एक मोठी चिप) बोट लावलं तर चटका बसला. कळ बंद केली, पण उशीर झाला होता. मग मीटर लावला : जांभळ्या तारेवर ५ व्होल्टच्या जागी ८.६ व्होल्ट.

जांभळी तार म्हणजे स्टँडबाय. संगणक बंद असला तरी तिच्यावर पाच व्होल्ट सतत असतात आणि ते थेट बोर्डात जातात. मी गेली चार वर्षं हिरवी (चालू करायची) आणि काळी (ग्राउंड) तार जोडून पंखा फिरला की "एसएमपीएस चांगला" म्हणत आलो. जांभळी कधी मोजलीच नाही. गिऱ्हाईकाला आज १९०० रुपयांचा दुसरा जुना बोर्ड माझ्या खिशातून बसवून दिला आणि काय घडलं ते खरं सांगितलं.

दुकानात असे सात जुने एसएमपीएस पडून आहेत. बंद झालेल्या एका सायबर कॅफेचं सामान भंगारात जाताना ३५० रुपयांना घेतले होते. त्यांतून दोन-तीन भरवशाचे तयार करायचे, आणि एसएमपीएस व बोर्ड यांच्यामध्ये राहील अशी एक पेटी करायची. असं काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाचा बोर्ड वाचावा म्हणून जे होईल ते लिहून ठेवतो.

१० जून

सातही उघडले. उघडण्याआधी प्लग काढून दहा मिनिटं थांबलो, तरी एकात मोठ्या कपॅसिटरवर १४० व्होल्ट निघाले. त्याच्या शेजारी डिस्चार्ज करण्यासाठी असलेले रेझिस्टर ओपन झाले (आतून तुटले) असतील तर हा साठा तासन्‌तास राहतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका, ठिणगीने ट्रॅक उडतो. मी २.२ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर दोन तारांना लावून त्यावर स्लीव्ह चढवली आहे. दहा सेकंद धरायचा, मग मीटरने खात्री करायची.

आत धुळीचा थर, झुरळांची अंडी आणि एकात पालीचा सांगाडा. ब्रशने आणि गाडीत हवा भरायच्या पंपाने साफ केलं. मार्करने १ ते ७ नंबर घातले. टेबलावर बोर्ड खाणारा तो क्रमांक २.

क्रमांक ६ लगेच बाजूला काढला. मेन ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग काळी पडलेली, वास येतो. क्रमांक ५ च्या मागचं ११५/२३० चं बटण कुणीतरी ११५ वर सरकवलेलं. त्यात आपला २३० चा सप्लाय दिल्यावर दोन्ही मोठे कपॅसिटर फुटून आतला कागद बाहेर आला आहे. याशिवाय इनपुटच्या फिल्टर कॉइलच्या जागी नुसते दोन तारेचे जंपर टाकलेले. हे दोन फक्त सुट्या भागांसाठी.

आणि एक : उरलेल्या सगळ्यांच्या मागचं ते बटण २३० वर करून फेव्हिक्विकने कायमचं चिकटवलं.

१२ जून

क्रमांक २. याच्यात स्टँडबायसाठी लहान ट्रान्सफॉर्मर आहे, पण त्याच्या जवळपास चार पायांचा ऑप्टोकपलर (दोन बाजूंमध्ये प्रकाशाने निरोप देणारा भाग) नाही. दोन ट्रान्झिस्टरवर स्वतःच ऑसिलेट होणारं (चालू-बंद होत राहणारं) जुनं सर्किट. ज्यात ऑप्टो असतो त्यात पाच व्होल्ट प्रत्यक्ष मोजून नियंत्रण होतं. यात तसं नाही. प्रायमरीच्याच (मेन विजेच्या) बाजूला एक वेगळी वाइंडिंग (तारेचे वेढे) आहे, तिच्यावरचा व्होल्टेज एका लहान कपॅसिटरमध्ये साठतो आणि तो बघून सर्किट अंदाज बांधतं की पलीकडे पाच आहेत. तो कपॅसिटर १० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा, शेंगदाण्याएवढा. आणि तो बसवलाय नेमका गरम होणाऱ्या रेझिस्टरला चिकटून. वर्षानुवर्षं उष्णतेने तो सुकतो, सर्किटला वाटतं व्होल्टेज कमी आहे, आणि ते वाढवत नेतं. संगणक बंद असतानाही स्टँडबाय चोवीस तास चालू, म्हणून सगळ्यात आधी हाच जातो.

काढून मोजला : ०.८ मायक्रोफॅरड. बाहेरून बघाल तर नवाकोरा, फुगवटा नाही, डाग नाही. चार रुपयांचा कपॅसिटर.

नवीन, १०५ अंश उष्णतेपर्यंत टिकणारा टाकला, रेझिस्टरपासून पाय लांब ठेवून. जांभळीवर ४.७ ओहमचा १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर लोड म्हणून लावला (साधारण एक अँपिअर) आणि ५.०६ व्होल्ट मिळाले. पण हिरवी जमिनीला जोडल्यावर मेन भाग चालू होईना. टीएल४९४ (मेन भागाचं नियंत्रण करणारा आयसी) च्या १४ नंबरच्या पायावर ५ व्होल्टचा रेफरन्स यायला हवा, तिथे ०.९. याच लहान ट्रान्सफॉर्मरवरून या आयसीचा सप्लाय येतो, तोही चढला असणार. त्याची कमाल मर्यादा ४१ व्होल्टची. आयसी बदलला, खाली सॉकेट लावलं, सगळे व्होल्टेज आले. गेलेला वेळ साडेतीन तास, त्यातला एक तास १४ नंबरचा पाय न बघता ट्रान्झिस्टर मोजण्यात गेला.

१३ जून

आज सकाळी सगळ्याच एसएमपीएसचे व्होल्टेज जास्त दिसायला लागले. क्रमांक २ वर ५.३४, क्रमांक ७ वरही ५.३१, घड्याळातल्या नव्या सेलवर १.७२. सेलचं रीडिंग बघून लक्षात आलं : मीटरची ९ व्होल्टची बॅटरी उतरली होती. उतरलेल्या बॅटरीवर स्वस्त मीटर जास्त आकडा दाखवतो. बॅटरी बदलली, सगळं जागेवर. पण तोवर क्रमांक ७ चा एक चांगला टीएल४३१ (व्होल्टेज स्थिर ठेवणारा छोटा भाग) मी उगाच काढून टाकला होता.

१५ जून, शनिवार

क्रमांक १. फ्यूजची काच आतून काळी, म्हणजे चांगलाच शॉर्ट. दोन्ही १३००७ ट्रान्झिस्टर शॉर्ट निघाले. इथल्या दुकानात जोडी ५० रुपयांना मिळाली. दोन्ही बदलले, ५ अँपिअरचा फ्यूज टाकला, थेट प्लग लावला. फट्‌कन आवाज होऊन दुकानाचा एमसीबी खाली. नवीन जोडी गेली, फ्यूज गेला.

संध्याकाळी अण्णा आले. अण्णा म्हणजे आमच्या गल्लीतले जुने टीव्ही मेकॅनिक, तीस वर्षं त्यांनी पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीचे सप्लाय दुरुस्त केलेत. टेबलावर नजर टाकून त्यांनी पहिलंच विचारलं, "सिरीजचा दिवा कुठाय?"

"नाही अण्णा, लावला नव्हता."

"मग तुझं पहिलं काम तेच. दिव्याशिवाय यापुढे एकही सप्लाय लावायचा नाही. वीस रुपयाचा बल्ब पेटेल, पण बाकी सगळं वाचेल."

१६ जून, रविवार

सिरीज बोर्ड तयार केला : लाकडी फळी, एक बल्ब होल्डर, एक सॉकेट, फेजची तार बल्बमधून. जुना पिवळा फिलामेंटचा बल्ब लागतो, एलईडी चालत नाही. आता तो सहज मिळत नाही. तीन दुकानं फिरून एका किराणा दुकानात ६० आणि १०० वॅटचे मिळाले.

वाचायचं असं. प्लग लावल्यावर बल्ब क्षणभर लखलखून विझला किंवा अगदी मंद झाला, तर ठीक. मोठे कपॅसिटर भरताना तेवढी झळक येतेच. बल्ब पूर्ण पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच काढा. यात एक फसगत होते. बल्ब लावलेला असताना एसएमपीएसवर मोठा लोड टाकला, तर सगळा व्होल्टेज बल्बच खातो आणि चांगला एसएमपीएसही बंद पडतो. बल्ब फक्त पहिल्या चाचणीला, लोडशिवाय.

आता क्रमांक १ चं खरं कारण. अण्णांनी ट्रान्झिस्टरकडे बघितलंसुद्धा नाही. "ट्रान्झिस्टर मरतो तो दुसऱ्याच्या चुकीनं. त्याच्या बेसला काय येतंय ते बघ." दोन्ही बेसच्या (ट्रान्झिस्टरचा नियंत्रणाचा पाय) सर्किटमध्ये १ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा एकेक कपॅसिटर होता. मोजले तर ०.२ आणि ०.१५. हे सुकले की ट्रान्झिस्टर वेळेवर बंद होत नाहीत, तापतात आणि एकदा दोन्ही एकाच वेळी चालू राहिले की गेले. एका बेसचा २.७ ओहमचा रेझिस्टर ओपन होता आणि शेजारचा ४१४८ डायोड शॉर्ट. मी नवी जोडी याच तुटक्या सर्किटवर बसवली होती.

दोन कपॅसिटर, एक रेझिस्टर, एक डायोड. ट्रान्झिस्टर क्रमांक ५ मधले मूळचे काढून टाकले. हीटसिंकखालचा अभ्रकाचा तुकडा आणि प्लॅस्टिकचं वॉशर नीट बसलंय का, हे बीप लावून तपासलं, नाहीतर कलेक्टर थेट बॉडीला लागतो. बल्ब झळकला, विझला. दोन मोठ्या कपॅसिटरवर १५८ आणि १५७ व्होल्ट. हे दोन आकडे सारखे असणं महत्त्वाचं, फार फरक असला तर एक कपॅसिटर किंवा त्याचा रेझिस्टर गेलेला असतो. क्रमांक १ चालू. याच्या स्टँडबायला ऑप्टो आहे, म्हणून हा बोर्डासाठी ठेवायचा.

२० जून

क्रमांक ३ ने मला दीड दिवस खाल्ला.

याच्या ३.३ आणि ५ व्होल्टच्या बाजूचे चार कपॅसिटर फुगलेले, २२०० मायक्रोफॅरड १० व्होल्टचे. सोपं काम वाटलं. गावातल्या रेडिओच्या दुकानात त्याच आकड्यांचे मिळाले, ८५ अंशांचे, थोडे जाड. पाय वाकवून बसवले. मीटरवर ३.३४, ५.०४, १२.०९. सुंदर. माझ्या स्वतःच्या चांगल्या बोर्डावर लावला तर डीबग कार्डवर (बोर्ड कुठे अडकला ते कोडने दाखवणारं कार्ड) सी१ येऊन थांबला. अ‍ॅवॉर्ड बायोसमध्ये सी१ म्हणजे मेमरीपाशी अडकला. चार रॅम बदलल्या, स्लॉट पेन्सिलच्या खोडरबरने घासले, बायोसचा सेल काढून रिसेट केला. कधी पुढे जायचा, कधी सी१. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच बोर्ड क्रमांक १ वर लावला आणि एका दमात डेस्कटॉपपर्यंत गेला.

मीटर सरासरी दाखवतो. तारेवर दर सेकंदाला साठ-सत्तर हजार वेळा होणारी थरथर त्याला दिसत नाही. भाच्याने मागच्या दिवाळीत जोडून दिलेला लहानसा किटचा ऑसिलोस्कोप होता, तो काढला. ५ व्होल्टच्या तारेवर बोर्ड चालू असताना १८० मिलिव्होल्टचा रिपल, म्हणजे तीच थरथर. एटीएक्सच्या (संगणकाच्या सप्लायचं मानक) नियमात ५ आणि ३.३ ला ५० मिलिव्होल्टपर्यंत मुभा, १२ ला १२०.

साधे कपॅसिटर इथे चालत नाहीत. मायक्रोफॅरड बरोबर असले तरी आतला रोध जास्त असतो. लो ईएसआर, म्हणजे आतला रोध कमी असलेले, आणि १०५ अंशांचेच हवेत. भाच्याला फोन केला, तो पुण्यात शिकतो. "मामा, तपकीर गल्लीत मिळतील, रविवारी येताना आणतो. उंची किती चालेल ते सांग." उंचीचा प्रश्न बरोबर होता, वरचं झाकण लागतं.

२३ जून, रविवार

भाचा पुण्याच्या बुधवार पेठेतल्या त्या तपकीर गल्लीतून सामान घेऊन आला : लो ईएसआर २२०० मायक्रोफॅरडचे दहा, १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचे सहा, १, ४.७, १० आणि ४७ मायक्रोफॅरडचे लहान कपॅसिटर मूठभर, दोन एलएम३३९, एक टीएल४३१. सगळे मिळून ४१० रुपये. क्रमांक ३ मध्ये तेच चार बदलले. रिपल १८० वरून ३० मिलिव्होल्टवर आला. रात्री त्याच बोर्डावर मेमटेस्ट (मेमरी तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेवला.

(२४ तारखेची सकाळ : एकही चूक नाही.)

काढलेले ८५ अंशांचे कपॅसिटर डब्यात परत ठेवले नाहीत. पुन्हा घाईत तेच हाताला लागले असते.

२७ जून

आजची नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

क्रमांक ४. सगळे व्होल्टेज चोख, स्टँडबाय ५.०२, रिपलही कमी. बोर्डाला लावला की पंखा फिरतो, पण डिस्प्ले नाही आणि डीबग कार्डवर नुसत्या दोन आडव्या रेघा. म्हणजे प्रोसेसर हललाच नाही. असं दिसलं की आपण म्हणतो बोर्ड डेड आहे. पण हाच बोर्ड गेल्या रविवारी क्रमांक ३ वर रात्रभर चालला होता.

करडी तार मोजली : ०.४ व्होल्ट.

करडी म्हणजे पॉवर गुड. एसएमपीएस चालू झाल्यावर सगळे व्होल्टेज स्थिरावले की १०० ते ५०० मिलिसेकंदांनी या तारेवर ५ व्होल्ट यायला हवेत. बोर्ड त्याची वाट बघतो. तोवर प्रोसेसरला रिसेटमध्ये धरून ठेवतो. करडी खालीच राहिली तर पंखा फिरत राहतो आणि बोर्ड गप्प बसतो.

आत हे काम एलएम३३९ हा आयसी करतो. आधी तोच बदलला, काही फरक नाही, दोन तास गेले. मग त्याच्या पायाला लागलेला उशीर मोजणारा ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढला. तो लिकी होता, भरतच नव्हता. नवा टाकला आणि करडीवर ४.९ आले. बोर्ड चालू.

आणि मग मला आठवलं. टेबलावर क्रमांक २ यायच्या आधी, गेल्या वर्षी काही महिने, हाच क्रमांक ४ मी टेस्टिंगला वापरत होतो. त्या काळात "डेड" म्हणून ठरवलेले बोर्ड मागच्या खोलीत खोक्यात आहेत. रात्री साडेदहाला खोकं काढलं. पाच बोर्ड. एकेक क्रमांक १ वर लावला. तिसरा आणि पाचवा चालू झाले. काही न करता. पाचव्याच्या मालकिणीने, एका शिवणक्लासवाल्या ताईंनी, त्या वेळी माझ्या सांगण्यावरून दुसरा बोर्ड घेतला होता.

क्रमांक २ ने चांगला बोर्ड मारला. क्रमांक ४ ने जिवंत बोर्डांना मेलेले ठरवलं, आणि ते मला दिसलंसुद्धा नाही. उद्या ताईंना फोन करायचा.

२८ जून

केला. त्यांचा बोर्ड आणि त्या वेळचे दुरुस्तीचे पैसे परत देतो म्हणालो. त्या म्हणाल्या बोर्ड मुलाच्या खोलीतल्या संगणकात घालून द्या, पैसे राहू द्या. घालून दिला, पैसेही दिले.

३० जून, रविवार

उघड्या एसएमपीएसच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत होत्या, ते आजवर मी मनावर घेतलं नव्हतं. मोजलं : पत्रा ते भिंतीतला नळ, ११० व्होल्ट. इनपुटला दोन लहान निळे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्रा त्यांच्या मधोमध, म्हणजे निम्म्या व्होल्टेजवर तरंगतो. करंट फार थोडा, पण अशा तरंगत्या बोर्डाला दुसरीकडून अर्थिंग असलेला मॉनिटर जोडताना ठिणगी पडते आणि ती पोर्टच्या चिपमधून जाते. माझ्याकडे गेल्या दोन वर्षांत विनाकारण गेलेले व्हीजीए पोर्ट आठवले.

दुकानाच्या तीन पिनी सॉकेटमध्ये तिसऱ्या पिनला तारच नव्हती. वायरमनकडून मागच्या अंगणात खड्डा घेऊन जीआय पाइप, कोळसा, मीठ घालून अर्थिंग करून घेतलं, १८०० रुपये. पत्रा ते नळ आता एक व्होल्टच्या आत.

४ ते ७ जुलै

पेटी. एसएमपीएसची २४ पिनांची तार पेटीत येते, पेटीतून एक्स्टेंशन बोर्डाला जातं. पेटीवर चार लहान डिजिटल व्होल्टमीटर : जांभळी (स्टँडबाय), लाल (५ व्होल्ट), पिवळी (१२), नारंगी (३.३). करडीसाठी हिरवा एलईडी. हिरव्या तारेसाठी टॉगल स्विच. प्लायचा डबा आणि मीटर धरून ७२० रुपये.

खरा जीव क्रोबारमध्ये (व्होल्टेज चढला की तार शॉर्ट करून बोर्ड वाचवणारं सर्किट) आहे. जांभळ्या तारेत ३ अँपिअरचा फ्यूज, त्याच्यापुढे तार आणि ग्राउंड यांच्यामध्ये बीटी१५१ एससीआर (एकदा सुटला की चालूच राहणारा स्विच), आणि त्याच्या गेटला ५.६ व्होल्टचा झेनर (ठरलेल्या व्होल्टेजवर वाहू लागणारा डायोड). जांभळी चढली की झेनर गेट उघडतो आणि एससीआर तार जमिनीला दाबून धरतो. बोर्डापर्यंत जास्त व्होल्टेज पोचायच्या आत.

पहिल्या दिवशी तो भलत्या वेळी लागत होता. टॉगल दाबून मेन चालू केला की त्या धक्क्यानेच एससीआर सुटायचा आणि बोर्ड बंद. आधी झेनर खराब समजून दोन बदलले. उपाय साधा निघाला : गेट आणि ग्राउंडमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मग वीस वेळा चालू-बंद केलं, एकदाही लागला नाही.

चाचणी खरी हवी म्हणून क्रमांक २ मध्ये मुद्दाम तो सुकलेला कपॅसिटर परत बसवला, बोर्ड न लावता पेटीला जोडला. जांभळीचा मीटर क्षणभर हलला आणि शून्यावर पडला. फ्यूज उडला नाही, स्टँडबायचं सर्किटच खाली बसलं. त्याआधी व्हेरिएबल सप्लायवर हळूहळू चढवून बघितलं होतं, ६.४ व्होल्टला तो लागतो. अण्णा शेजारी उभे होते, त्यांनी तीनदा करून दाखवायला लावलं.

क्रमांक २ वर लाल रंगाने लिहिलं : बोर्डाला लावू नये. नवा कपॅसिटर घालून तो आता फक्त पंखे आणि हार्ड डिस्क तपासायला. चांगला झालाय, पण त्या सर्किटमधला तो कपॅसिटर पुन्हा कधी सुकेल हे बाहेरून कळत नाही.

१० जुलै

लोड. गॅरेजवाल्याकडून दुचाकीचे दोन जुने हेडलाइट बल्ब आणले, ५५ वॅटचे, १२ व्होल्टसाठी. दोन्ही एकत्र जोडले आणि क्रमांक १ चालू केला : पंखा टिचकीभर हलून बंद. क्रमांक ३ लावला, तेच. क्रमांक ४, तेच. अर्धा दिवस तिन्ही पुन्हा उघडून बघत बसलो, कारण मला वाटलं दुरुस्तीच कच्ची आहे.

दोष बल्बांचा होता. थंड फिलामेंटचा रोध गरम असतानाच्या जवळपास एक दशांश असतो. दोन थंड बल्ब म्हणजे एसएमपीएसला जवळजवळ शॉर्टच, आणि त्याचं संरक्षण चोख लागत होतं. आता प्रत्येक बल्बच्या सिरीजला १ ओहमचा रेझिस्टर आहे, बल्ब पेटला की स्विचने तो वगळायचा.

५ व्होल्टच्या लोडसाठी आधी १ ओहम, १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर लावला होता. पाच अँपिअर, म्हणजे २५ वॅट. मिनिटाभरात धूर आणि टेबलाच्या सनमायकावर डाग. आता ४.७ ओहमचे दोन समांतर, पत्र्यावर बसवलेले, प्रत्येकी साडेपाच वॅटच्या आत.

१४ जुलै, रविवार

चारही एसएमपीएस (१, ३, ४, ७) पेटीतून चार-चार तास लोडवर. क्रमांक ७ ला टीएल४३१ बसवण्याशिवाय आणि पंख्यात तेल घालण्याशिवाय काही लागलं नाही. त्याच्या स्टँडबायला ऑप्टो आणि तयार आयसी आहे, मुख्य टेस्टिंगला तोच.

क्रमांक ३ वर एक गोष्ट दिसली. ५ व्होल्टवर लोड नसताना १२ वर हेडलाइट लावला तर पिवळी ११.२८ पर्यंत उतरली आणि लाल ५.२४ वर चढली. पिवळीची खालची मर्यादा ११.४० आहे. या जुन्या एसएमपीएसमध्ये दोघींचं नियंत्रण एकत्र होतं, एकीला ओढलं की दुसरी बिघडते. आणि जी३१ च्या काळातले बोर्ड प्रोसेसरचा सगळा भार १२ वरच टाकतात, ५ ला फार थोडं घेतात. म्हणून ते दोन ४.७ ओहमचे रेझिस्टर आता पेटीत ५ व्होल्टवर कायमचे जोडले. पिवळी ११.७२. पेटीच्या मागे जुना ८० मिमीचा पंखा लावला, नाहीतर आत ऊब साठते.

सुट्या भागांना आजवर ६५० रुपये, पेटीला एससीआर-रेझिस्टर धरून ८९०. अर्थिंग आणि त्या बोर्डाचे पैसे वेगळे.

१८ जुलै

पेटीवर आतल्या बाजूला कागद चिकटवला. बोर्ड जोडायच्या आधी, दरवेळी : पहिल्यांदा जांभळी, लोडसकट, ४.७५ ते ५.२५. मग टॉगल, मग लाल-पिवळी-नारंगी, मग करडीचा दिवा. हे सगळं बोर्डाशिवाय. त्यानंतरच बोर्ड.

दुपारी वजनकाट्याचा मालक आला. त्याच्या दुसऱ्या काट्यावरचा संगणक, तसाच जी३१, तशीच तक्रार. बोर्ड टेबलावर ठेवला तसा तो टेबलाशेजारीच उभा राहिला. साहजिक होतं. त्याला पेटीवरचे चार आकडे दाखवले, जांभळी ५.०४ आहे आणि ती सहाच्या वर गेली तर पेटी तोडते हे सांगितलं. मग बोर्ड लावला. साउथब्रिजवर बोट ठेवून एक मिनिट थांबलो. कोमट.

तीन कपॅसिटर बदलले. डीबग कार्डवर सी१ येऊन पुढे गेला, एफएफवर थांबला, स्क्रीन आली. एक्सपी उघडायला लागणारा सगळा वेळ तो उभाच होता.

"किती झाले?"

"तीनशे."

त्याने काट्याच्या खोलीतला आणखी एक जुना एसएमपीएस गाडीतून आणून टेबलावर ठेवला. "हा पण बघून ठेव. कधी लागेल सांगता येत नाही." त्यावर मार्करने ८ लिहिलं आहे. उद्या उघडतो.